मी न पाहिलेला दीर

मी लग्न होऊन या घरात आले ती दोन हजार एक सालच्या वैशाखात. माझा धाकटा दीर त्याच्या दोन वर्षं आधी कारगिलच्या लढाईत गेला होता. मी त्याला कधीच पाहिलं नाही. पडवीच्या भिंतीवर त्याचा लष्करी वेषातला फोटो होता, आणि आम्हा नवराबायकोला मिळालेली खोली आधी त्याची होती. त्याच्याबद्दल मला ठाऊक होतं ते एवढंच.

घर मालवणच्या जवळ, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. सासऱ्यांची होडी होती, नवरा त्यांच्याबरोबर समुद्रात जायचा आणि सासूबाई मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायच्या. माझे वडील कणकवलीला कारकून. आम्हीही मूळचे किनाऱ्यावरचेच, पण समुद्र माझ्या वाट्याला आला तो मे महिन्याच्या सुट्टीपुरता. लग्नानंतर मी गावातल्या अंगणवाडीत काम करू लागले आणि हळूहळू या घरात रुळले.

एक गोष्ट मात्र पहिल्या आठवड्यातच लक्षात आली. आई आणि बाबा, म्हणजे सासूबाई आणि सासरे, एकमेकांशी बोलत नसत. भांडण नाही, आदळआपट नाही. आई बाबांना वेळेवर जेवायला वाढत, बाबा होडीवरून येताना आईसाठी वेगळी मासळी काढून आणत. पण बोलणं सगळं माझ्यामार्फत. माझ्या आधी ते नवऱ्यामार्फत व्हायचं. "तेंका सांग, पेज वाढलंय," असं आई म्हणायच्या, तेव्हा बाबा समोरच पाटावर बसलेले असायचे. मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, धाकलो गेल्यापासून हे असंच आहे, तू त्यात पडू नको. मी पडले नाही. माणसाला कशाचीही सवय होते. मलाही समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचे निरोप पोचवायची सवय झाली.

आठ वर्षं अशीच गेली. मग एक दिवस शाळेचे हेडमास्तर घरी आले. शाळेच्या फाटकाशी दिराच्या नावाचा दगड बसवायचं गावानं ठरवलं होतं. त्यावर कोरायला त्यांना त्याच्याबद्दल चार ओळी हव्या होत्या, कसा मुलगा होता, काय आवडायचं, तिकडे काय झालं. घरात लिहिणारी मीच, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी हो म्हणून बसले.

संध्याकाळी आई बांगडे साफ करत होत्या तेव्हा मी विषय काढला. त्यांनी मान वर केली नाही. "ह्ये धुवन ठेव," एवढंच म्हणाल्या आणि विळीवरून उठल्या. बाबांना विचारलं तर ते जाळं तिथेच टाकून किनाऱ्याकडे चालू लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं, की आठ वर्षं मी ज्याच्या खोलीत झोपते त्या माणसाला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, हेसुद्धा मला माहीत नाही.

बाजारात आईंच्या शेजारी एक मावशी बसायची. दोघींची बैठक माझ्या लग्नाआधीपासूनची. एका दुपारी आई लवकर घरी गेल्या होत्या, गिऱ्हाईक विरळ झालं होतं, तेव्हा मी मावशीकडे जाऊन बसले. तिनं आधी टाळलं. मग मासळीवर ओलं फडकं टाकून ती सांगायला लागली.

आईंना एकच भाऊ होता. तो धाकल्याला लहानपणापासून होडीवर न्यायचा. धाकलो मामाच्या मागे मागे असायचा, आईबापापेक्षा मामाच त्याला जवळचा. तो सतरा-अठरा वर्षांचा असताना, पावसाळा सरता सरता, खाडीच्या तोंडाशी त्यांची होडी उलटली. धाकल्यानं उलट्या होडीला मिठी मारली. मामाचा हात त्याच्या हातात होता. किती वेळ होता कुणास ठाऊक, पण शेवटी सुटला. माणसं पोचली तेव्हा धाकल्याला होडीपासून सोडवायला दोघांना जोर लावावा लागला. मामा तिसऱ्या दिवशी सापडला, लांब, दुसऱ्या गावाच्या वाळूत.

त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही. पायसुद्धा भिजू द्यायचा नाही. बाबांना वाटायचं, चार दिवसांची भीती आहे, जाईल. आईंना वाटायचं की भाऊ गेला तो गेला, आता हा मुलगा समुद्राला द्यायचा नाही. नेमकी त्याच सुमारास सावंतवाडीला सैन्याची भरती होती. बाबांना न सांगता आई स्वतः त्याला घेऊन गेल्या. पहिल्या खेपेला तो छातीत कमी भरला. मग वर्षभर आईंनी त्याला अंडी, दूध, तारल्यांचं कालवण असं पोटभर खाऊ घातलं आणि रोज सकाळी वाळूतून धावायला लावलं. मावशी म्हणाली, तो धावायचा तोसुद्धा भरतीच्या पाण्याची रेघ सोडून, वरच्या कोरड्या वाळूतून, आणि आई सुरूच्या झाडाखाली उभी राहून बघायची. दुसऱ्या खेपेला तो निवडला गेला. त्या दिवशी आईंनी बाजारात पेढे वाटले.

"तुझी सासू माका म्हणाली," मावशी म्हणाली, "आता माझो झिल जमनीर मरात. म्हातारो होवन."

पुढचं सांगताना मावशीचा आवाज खाली आला. अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत तो शेवटचा रजेवर आला होता. एका सकाळी बाबांना होडी ढकलायला माणूस कमी पडला, म्हणून त्यांनी त्याला हाक मारली. तो आला, होडीला हात लावला, पण लाट पायाशी येताच मागे सरला. चारचौघं बघत होते. बाबा त्याला म्हणाले, "बंदूक धरतंस आणि पाण्याक भियतंस?" माणसं हसली. तो तसाच घरी गेला. रजा संपल्यावर निघाला तेव्हा बाबा समुद्रात होते.

पुढच्या वर्षी पावसात त्याची पेटी आली. गोव्याच्या विमानतळावरून लष्कराच्या गाडीनं आणली होती. गावभर माणसं, पुढारी, पोलीस. बरोबर आलेल्या साहेबांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, बरेच दिवस झालेत, पेटी उघडू नका. बाबांनी मान हलवली. आईंना ते कळलं तेव्हा त्या पेटीवर पडल्या. मला तोंड दाखवा, एवढंच म्हणत होत्या. बाबांनी त्यांना धरून मागे ओढलं. त्या ओरडायला लागल्या, बाप आहात की कोण आहात. तेव्हा बाबा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तूच धाडलंस तेका."

आई गप्प झाल्या. त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पेटी तशीच बंद, चितेवर ठेवली. पाऊस लागून होता, लाकडं पेट घेत नव्हती. माणसं रॉकेल ओतत राहिली.

मी घरी आले. त्या रात्रीचं जेवण मीच वाढलं, एकाचा निरोप दुसऱ्याला सांगत. पहिल्यांदाच तो निरोप माझ्या तोंडातून नीट निघेना.

नवऱ्यानं सगळं खरं असल्याचं कबूल केलं. त्याच्या मनात आणखी एक होतं. पेटीत भाऊ होता का, याबद्दलच त्याची खात्री नव्हती. बॉम्बगोळ्यात माणसाचं काय होतं ते त्यानं ऐकलं होतं. बाबांचंही तेच, तो म्हणाला. पेटीत काय असेल या भीतीनंच त्यांनी उघडू दिली नाही, आणि तेव्हापासून पेटीत काय असेल हेच त्यांच्या डोक्यात आहे.

मग हेडमास्तरांनीच वाट दाखवली. त्यांचे एक नातेवाईक दोडामार्गला होते. त्यांच्या शेजारच्या गावात दिराच्याच पलटणीतला एक माणूस होता. पायाला जखम होऊन तो घरी परतला होता आणि आता भावाच्या रबराच्या बागेत काम बघायचा. नवरा आधी तयार नव्हता. मग एक दिवस स्वतःच म्हणाला, चल. आम्ही कुडाळ, सावंतवाडी करत एसटीनं दोडामार्गला गेलो आणि तिथून रिक्षानं त्या गावात.

माणूस घरापुढच्या खळ्यात उभा होता. नवऱ्यानं आपण कोण ते सांगितलं तसा तो खालीच बसला. नवऱ्याचा चेहरा भावासारखा आहे म्हणतात. बराच वेळ तो त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, इतक्या वर्षांत मी यायला हवं होतं, दोनदा मालवणच्या गाडीत बसून सावंतवाडीला उतरून परत आलो. बायकोला त्यानं चहा करायला सांगितलं आणि आम्हाला बागेत नेलं. घरच्यांसमोर त्याला बोलायचं नव्हतं.

तो आणि धाकलो एकाच जिल्ह्यातले म्हणून पलटणीत बरोबर असायचे. आपसांत मालवणीत बोलायचे आणि बाकीचे हसायचे. धाकल्याला ते उघडे, कोरडे डोंगर आवडले होते. त्याला तिथे बरं वाटायचं. एकदा तो याला म्हणाला होता, "हंय बुडूची भीती नाय."

लढाईत त्यांच्या तुकडीकडे वर सामान पोचवायचं काम होतं. पाण्याचे डबे, दारूगोळा, पाठीवर घेऊन चढायचं. वर लढणाऱ्यांना प्यायला पाणी नसायचं. त्या दिवशी ते उजाडण्यापूर्वी वर पोचायला हवे होते, पण वाट चुकली आणि मध्येच दिवस वर आला. समोरच्या टेकडीवरून शत्रूला ते दिसायला लागले. एका खडकाच्या आडोशाला थांबले. तोफगोळा फुटला आणि एक तुकडा धाकल्याच्या पोटात घुसला. याच्या पायाला लागलं. दोघांनाही अंधार पडेपर्यंत हलवता येणार नव्हतं.

तो दिवसभर जिवंत होता. शुद्धीत होता. पाणी मागत होता. बाजूलाच पाण्याचे भरलेले डबे होते, त्यानंच पाठीवरून आणलेले. पण पोटात जखम असलेल्याला पाणी द्यायचं नाही असं त्यांना शिकवलं होतं. रात्री खाली डॉक्टरकडे नेलं तर वाचेल, अशी याला आशा होती. म्हणून यानं दिलं नाही. खडकाच्या सावलीत थोडा बर्फ होता, तो बोटानं त्याच्या ओठांना लावत राहिला. उन्हं कलली आणि तो गेला.

"दिलंय आसतंय तर काय फरक पडलो आसतो?" तो माणूस म्हणाला. "तो मरूचोच होतो. माका म्हायत असता तर मी दिलंय आसतंय."

नवरा रबराच्या झाडाला टेकून उभा होता. त्यानं विचारलं, शरीराचं काय झालं होतं? तो माणूस म्हणाला, काही नाही, पोटातच काय ती जखम. चेहऱ्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. झोपल्यासारखा होता. आम्ही निघालो तेव्हा त्यानं माझ्यासमोर हात जोडले. "वैनी, तेच्या आवशीक पाण्याचा सांगू नको."

परतीच्या गाडीत आम्ही दोघं त्यावरच बोलत होतो. नवरा म्हणाला, आईला सांगू, जागच्या जागी गेला. मलाही ते पटलं होतं.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. आई विहिरीवर पाट्या धूत होत्या. बाबा पडवीत बसले होते. आम्ही कुठे गेलो होतो हे कुणी सांगितलं नव्हतं, पण बाजारात काय लपतं. आईंनी पाटी पालथी घातली, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं त्या विचारतील, कसा गेला. त्यांनी ते विचारलं नाही.

"तेच्या तोंडात कोणी पाणी घातल्यान?" त्या म्हणाल्या.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो खाली बघत होता. ठरलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. पण दहा वर्षं त्या बाईनं हा एकच प्रश्न धरून ठेवला होता, आणि तिला दुसरंच काही सांगणं मला जमलं नाही. मी सगळं सांगितलं. खडक, डबे, डॉक्टरची आशा, ओठांना लावलेला बर्फ. ऐकून झाल्यावर आई म्हणाल्या, "कोण तरी होतो म्हणजे." मग बसल्या, विहिरीच्या काठावरच, ओल्यात.

पडवीतून बाबांचा आवाज आला. "तो आख्खो होतो?"

मी म्हटलं, हो. तोंडाला काही लागलं नव्हतं.

बाबा उठून विहिरीपर्यंत आले. आईंच्या समोर उभे राहिले आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "पेटी उघडूक होई होती. माझा चुकला."

आईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तुमी चुकलास," त्या म्हणाल्या. "मी पण."

कुणाला वाटेल, यानंतर घरात सगळं नीट झालं. तसं झालं नाही. ते बोलायला लागले, पण ते बोलणं म्हणजे दहा वर्षं साठलेलं भांडण होतं. चतुर्थी ते दिवाळी, घरात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मामाला त्या दिवशी होडी घेऊन कुणी धाडलं, सैन्यभरतीची गोष्ट लपवली का, चारचौघांत मुलाला हसलात का, तो निघाला तेव्हा तुम्ही घरी का नव्हता. बाबा शेवटच्या प्रश्नाला उत्तर देत नसत. आई तो पुन्हा पुन्हा विचारत. नवरा वैतागून होडीवरच जास्त राहू लागला. मला कधी कधी वाटायचं, ते निरोप पोचवणंच बरं होतं. मग हळूहळू भांडणातली आग कमी झाली. सांगायला नवीन काही उरलं नाही. एका दुपारी मी अंगणवाडीतून आले, तर दोघं पडवीत बसून धाकलो लहानपणी खेकडे कसा पकडायचा ते आठवत होते. आईंनी त्याचे हातवारे करून दाखवले. मी आत गेले नाही, खळ्यातच थांबले.

दगडासाठी मी चार ओळी लिहून दिल्या. मामाबरोबर होडी उलटली, पुढे त्याला पाण्याची भीती बसली, लढाईत तो वरच्या जवानांना पाणी पोचवत होता, असं लिहिलं होतं. हेडमास्तरांनी वाचलं आणि अवघडून म्हणाले, वहिनी, भीतीचं दगडावर बरं दिसणार नाही. त्यांनी नाव, जन्म, मरण आणि वीरमरणाची एक ओळ ठेवली. त्यांचंही चूक नव्हतं. शाळेतल्या मुलांनी रोज ते वाचायचं होतं.

दगड बसवला तो दोन हजार दहाच्या सुरुवातीला. पाहुणे आले, भाषणं झाली, शत्रूशी झुंज देता देता वगैरे. आई पहिल्या रांगेत सरळ बसून होत्या. मी दोडामार्गला निरोप धाडला होता, पण तो माणूस येईल असं वाटत नव्हतं. तो आला. मंडपाच्या मागच्या खांबाला धरून उभा होता. कार्यक्रम संपल्यावर नवऱ्यानं त्याला हाताला धरून घरी आणलं.

आईंनी त्याला जेवायला वाढलं. सुरमईचं कालवण, भात, सोलकढी. तो पहिला घास हातात घेऊन बसून राहिला. मग म्हणाला, "आये, मी पाणी देवक नाय."

"माका म्हायत आसा," आई म्हणाल्या. "जेव."

तो जेवला. नंतर आईंनी त्याला सगळं पहिल्यापासून विचारलं. तो काय खायचा, थंडीत काय पांघरायचा, हसायचा का. शेवटच्या दिवसाचंही विचारलं. त्यानं सांगितलं, त्यांनी ऐकलं.

संध्याकाळच्या गाडीला त्याला सोडायला बाबा आणि मी गेलो. स्टँडवर गाडीची वाट बघताना बाबांनी त्याला विचारलं, नेमकं कुठे लागलं होतं. त्या माणसानं आपल्या सदऱ्यावर, डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली हात ठेवला. बाबांनी त्याचा हात बाजूला केला आणि तिथे स्वतःचा तळवा ठेवला. भोवती माणसं होती, पोती होती, कंडक्टर ओरडत होता. बाबांनी हात काढला नाही. तो माणूसही हलला नाही. गाडी लागली, माणसं चढली, तेव्हा मी बाबांच्या दंडाला धरून त्यांना मागे घेतलं.

बाबा त्याच वर्षी पावसात गेले. दोन दिवस ताप आला आणि झोपेत संपले. आईंनी त्यांच्या तोंडात स्वतःच्या हातानं पाणी घातलं.

आता होडीवर नवरा एकटाच जातो, बरोबर दोन खलाशी. आई पहाटे उठून त्याला चहा करून देतात. एका मुलाला समुद्रापासून ओढून काढणाऱ्या बाईनं दुसऱ्याला कधीच नको म्हटलं नाही, याचं मला नवल वाटायचं. एकदा वारं सुटलं होतं, होड्या परतायला उशीर झाला होता, आम्ही दोघी किनाऱ्यावर उभ्या होतो, तेव्हा मी त्यांना ते विचारलं.

"खंय धाडू तेका?" आई म्हणाल्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि पाण्याकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं होडी दिसली.